दोन मिनिटांची गाडी, दीड तासाची रांग

मनोरंजन-उद्यानाच्या सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्याला 'काय पाहिलेस?' असे विचारले, तर तो उंचावरून कोसळणाऱ्या रोलर कोस्टरचे वर्णन हातवारे करून सांगतो. त्याच्याबरोबर गेलेल्या वडीलमाणसांना तोच प्रश्न विचारला, तर ती रांगेचे वर्णन सांगतात. दोघांचेही म्हणणे खरे असते. गाडीत बसणे दोन मिनिटांचे आणि रांगेत उभे राहणे दीड तासाचे, असा हा उफराटा हिशेब आहे. 'एवढे पैसे खर्च करून हे बांधले आहे, मग आणखी दोन गाड्या सोडायला यांचे काय जाते?' असे त्या रांगेत कोणी ना कोणी म्हणतोच. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. मात्र ते गाडीच्या वेगात शोधून सापडत नाही, फलाटावर सापडते.

आपल्या डिंडोली-उधना भागातील पुष्कळ कुटुंबांचे मूळ गाव खानदेशात. आपल्या आजीआजोबांना ठाऊक असलेले करमणुकीचे यंत्र म्हणजे जत्रेतील आकाशपाळणा. पुढे १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले आणि मराठी मुलांच्या एका पिढीने रोलर कोस्टर प्रथम तेथे पाहिला. ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. त्यापूर्वीच, २०१३ साली, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले होते. तेथील 'नायट्रो' हा सुमारे चाळीस मीटर उंचीचा रोलर कोस्टर आहे. त्यात बसणाऱ्यांच्या पायाखाली तळ नसतो, पाय अधांतरी लोंबकळत राहतात, आणि वाटेत माणूस पाच वेळा उलटा होतो. चाळीस मीटर म्हणजे साधारण बारातेरा मजली इमारतीची उंची. तेवढ्या उंचीवरून सोडलेली गाडी खाली येईपर्यंत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग धरते, हे अकरावीचा कोणताही विद्यार्थी कागदावर मांडून दाखवील.

या खेळाचा उगम बर्फाळ रशियात झाला. हिवाळ्यात लाकडी उतरणीवर पाणी ओतून ते गोठवायचे आणि त्यावरून घसरत यायचे, ही तेथील जुनी करमणूक. फ्रान्समधील लोकांनी ती कल्पना उचलली, बर्फाच्या जागी चाके आणली आणि १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या उतारावरून सोडल्या. अमेरिकेत १८८४ साली लामार्कस थॉम्पसन याने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे अशीच एक गाडी बांधली. तिचा वेग सायकलीपेक्षा जास्त नव्हता. भाडे पाच सेंट. तरीही लोकांची रीघ लागली. रांग ही या खेळाच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून आहे ती अशी.

आता यंत्राकडे वळू. रोलर कोस्टरच्या बहुतेक गाड्यांना इंजिन नसते. फलाटावरून निघालेल्या गाडीला एक साखळी पकडते आणि पहिल्या चढावर ओढून नेते. त्या वेळी खालून जो 'खट्-खट्' आवाज येतो, तो पुष्कळांना साखळीचा वाटतो. वस्तुतः तो खिट्टीचा असतो. चढावर दात्यांची एक पट्टी बसवलेली असते, आणि गाडीखालची खिट्टी एकेका दात्यावरून पुढे सरकत जाते. साखळी तुटली, तरी खिट्टी दात्यात अडकते व गाडी मागे येऊ शकत नाही. जॉन मिलर या अमेरिकन रचनाकाराने या क्षेत्रात जे शोध लावले, त्यांत ही खिट्टी आहे, आणि रुळाच्या खालच्या अंगालाही चाके बसवून गाडी उसळली तरी रूळ सोडणार नाही, अशी केलेली सोयही आहे. धडकी भरवणारा तो आवाज खरे पाहता धीर देणारा आहे.

शिखर ओलांडले की साखळी सुटते. तेथून पुढे गाडीला चालवणारी शक्ती एकच, गुरुत्वाकर्षण. गाडीत चालक नाही, सुकाणू नाही, आणि बहुतेक ठिकाणी ब्रेकसुद्धा नाही! ब्रेक असतात ते रुळांमध्ये, ठरावीक जागी बसवलेले. त्या जागांच्या मध्ये कोठेही गाडी थांबवणे माणसाच्या हाती नसते. सुटलेल्या दगडाला 'थांब' म्हणण्यासारखेच ते.

येथेच 'आणखी दोन गाड्या का सोडत नाहीत?' या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग आपल्या नित्य परिचयाचा आहे. गावाकडे जाताना आगगाडी एखाद्या शेताच्या कडेला विनाकारण थांबल्यासारखी वाटते; सिग्नल लाल असतो आणि पुढचा मार्ग तर मोकळा दिसतो. कारण असे की, लोहमार्गाचे लांब लांब तुकडे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम असतो. पुढची गाडी तो तुकडा सोडून गेल्याखेरीज मागच्या गाडीला त्यात प्रवेश नाही. रोलर कोस्टरनेही हीच व्यवस्था घेतली. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९५९ साली 'मॅटरहॉर्न' नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. पोलादी नळ्यांचे रूळ आणि विजेच्या यंत्रणेने सांभाळलेले ब्लॉक ही त्याची दोन वैशिष्ट्ये. त्यामुळे एकाच मार्गावर एकापेक्षा अधिक गाड्या एकामागून एक सोडणे शक्य झाले.

परंतु आगगाडी आणि रोलर कोस्टर यांत एक भेद आहे. आगगाडीच्या चालकाला लाल दिवा दिसतो आणि तो ब्रेक लावतो. रोलर कोस्टरमध्ये पाहणारा कोणी नसल्यामुळे प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी रुळांतच ब्रेक ठेवावे लागतात आणि ते गाडीला आपोआप अडवतात. सबब, मार्गावर जेवढे ब्लॉक, त्यांहून निदान एक गाडी कमीच ठेवावी लागते; नाहीतर पुढे सरकायला कोणालाच जागा उरणार नाही. लहानशा मार्गावर दोनच गाड्या मावतात, कित्येक ठिकाणी एकच. मालकाची इच्छा असो वा नसो, तिसरी गाडी त्या रुळांवर चालूच शकत नाही.

आता थोडा हिशेब करू. सोयीसाठी आकडे गोळाबेरीज घेतो. समजा, एका गाडीत २४ जागा आहेत. फेरी दोन मिनिटांची. फलाटावर उतरणे, चढणे, अडसर लावणे व तपासणे यांना आणखी दोन मिनिटे. गाडी एकच असेल, तर दर चार मिनिटांनी एक फेरी, म्हणजे तासाला १५ फेऱ्या व ३६० माणसे. तुमच्यापुढे रांगेत ५४० माणसे उभी असतील, तर तुमचा नंबर दीड तासाने येईल.

गाडीचा वेग वाढवून हा दीड तास कमी होईल काय? फारसा नाही. ज्यांच्या घरी कोणी यंत्रमागावर काम करते, त्यांना हे सांगायला नकोच. माग कितीही वेगाने चालो. बीम संपला की नवा बीम चढवून ताण्याचे धागे सांधेपर्यंत तो उभाच राहतो, आणि दिवसाचे कापड किती निघाले हे त्या उभ्या राहण्यावर पुष्कळसे ठरते. रोलर कोस्टरचेही तसेच. तो उभा असतो तेव्हाच रांग लांबते. फलाटावरील दोन मिनिटांतून अर्धे मिनिट वाचले, तर तीच ५४० माणसे ९० मिनिटांऐवजी ७९ मिनिटांत जातील. प्रत्येक फेरीमागे वाचले अर्धेच मिनिट. पण शेवटच्या माणसाची अकरा मिनिटे वाचली.

आणि हे अर्धे मिनिट जाते कोठे? कोणी पिशवी बरोबर घेऊन येतो आणि ती ठेवायला परत जातो. कोणाच्या खिशातून मोबाइल निघतो. चौघा मित्रांना एकाच ओळीत बसायचे असते, म्हणून ते जागा बदलतात. कोणाची चप्पल सुटते. कर्मचाऱ्याने 'अडसर खाली ओढा' असे तीनदा सांगितले, तरी एक जण छायाचित्र काढण्यात गुंग असतो. यंत्र बिघडल्यामुळे जितका खोळंबा होतो, त्याहून अधिक आपल्याच हातून होतो, असे मला वाटते. अर्थात रांगेतील माणसाला हे ऐकवणे धोक्याचेच!

दोन गाड्या ठेवल्या तर? एक गाडी फिरत असताना दुसरी फलाटावर भरता येते. पहिली सुटून दुसरी आत सरकायला अर्धे मिनिट धरले, तर दर अडीच मिनिटांनी एक गाडी सुटेल आणि ५४० माणसांची रांग सुमारे ५६ मिनिटांत संपेल. लाभ मोठा खरा. मात्र अट अशी की, फलाटावरचे काम वेळेत उरकले पाहिजे. ते चार मिनिटे रेंगाळले, तर फिरून आलेली दुसरी गाडी फलाटाबाहेर ब्रेकवर अडकून राहते, आणि तिच्यातील माणसे ऊन खात बसतात. फलाट रिकामा नाही म्हणून उधन्याच्या अलीकडे थांबलेल्या आगगाडीसारखीच तिची अवस्था. अशा वेळी दुसरी गाडी असूनही बराचसा लाभ वाया जातो.

रिकाम्या जागांचा हिशेब याहूनही डोळ्यांत भरणारा आहे. चार जागांच्या सहा ओळी आहेत असे समजा, आणि प्रत्येक ओळीत तिघांचाच गट बसला. प्रत्येक ओळीत एकच जागा मोकळी राहिली, दिसायला काही मोठे नाही. पण आता फेरीला २४ ऐवजी १८ माणसे जातात, आणि पाठीमागचा दीड तास दोन तासांचा होतो. म्हणून काही उद्यानांत एकट्या माणसांची निराळी रांग असते, व तेथून एकेकाला बोलावून रिकामी जागा भरतात. ज्याला सोबत्यांपासून दोन मिनिटे दूर बसायला चालते, त्याचा वेळ वाचतो आणि इतरांचाही.

रांगेचेही शास्त्र आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती आग्नर एरलांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या खोळंब्यावर पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे जे शास्त्र वाढले, त्याचा एक निष्कर्ष प्रथम ऐकताना पटत नाही: यंत्राची शक्ती येणाऱ्या माणसांच्या संख्येपेक्षा थोडी अधिक असली, तरीही रांग लागतेच. कारण माणसे मोजूनमापून, एकेक मिनिटाच्या अंतराने येत नाहीत. सहलीची बस येते आणि पन्नास मुले एकदम उतरतात. त्या आधीच्या दहा मिनिटांत गाडीतील ज्या जागा रिकाम्या गेल्या, त्या साठवून ठेवता येत नाहीत. संख्या शक्तीच्या पुढे गेली, की मग विचारायलाच नको. तासाला ३६० माणसांची सोय आणि येणारी ४०० असतील, तर चार तासांत १६० माणसे तुंबतात. दुपारी येणाऱ्याला सुमारे सत्तावीस मिनिटांचा खोळंबा केवळ या तुंबण्यामुळे होतो.

आतापर्यंत रांग ही गैरसोय म्हणून पाहिली. तिचा दुसरा एक परिणाम असतो, आणि तो गंभीर आहे. लांब रांग फलाटावरील माणसांना घाई करायला लावते.

इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स या उद्यानात 'स्माइलर' नावाचा रोलर कोस्टर आहे. त्यात माणूस चौदा वेळा उलटा होतो. २ जून २०१५ रोजी तेथे मार्गावर चार गाड्या होत्या, आणि पाचवी वाढवण्याचे काम चालू होते. त्याआधी एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली गेली. वारा जोराचा होता. रिकामी गाडी हलकी असल्यामुळे तिला वाऱ्यापुढे वेग टिकवता आला नाही, आणि ती मार्गाच्या मध्येच अडकली. त्यानंतर सोळा माणसे बसलेली गाडी चढावर आली, तेव्हा ब्लॉकच्या यंत्रणेने तिला बरोबर अडवून धरले. पुढचा तुकडा मोकळा नव्हता. परंतु तेथील तंत्रज्ञांना अडकलेली गाडी दिसली नाही. यंत्रणाच चुकली आहे, असे समजून त्यांनी तिचा नकार बाजूला सारला व गाडी सोडली. ती रिकाम्या गाडीवर आदळली. अनेक जण गंभीर जखमी झाले, दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला, आणि अडकलेल्यांना खाली आणायला कित्येक तास गेले. पुढे २०१६ साली न्यायालयाने चालक कंपनीला पन्नास लाख पौंड दंड ठोठावला. तपासणाऱ्यांचा रोख त्या तंत्रज्ञांपेक्षा कंपनीच्या व्यवस्थेवर अधिक होता. यंत्रणा 'नाही' म्हणते तेव्हा कोणी, काय व कोणत्या क्रमाने पाहायचे, हे नीट घालून दिलेले नव्हते.

यंत्र त्या दिवशी बरोबर होते, ही गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. फलाटावर गाडी विनाकारण उभी दिसते आणि आपण कुरकुरतो, तेव्हा यंत्रणा कोठेतरी 'नाही' म्हणत असण्याचा संभव असतो. पुष्कळ ठिकाणी गाडी सोडण्यासाठी दोन कर्मचाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या जागी एकाच वेळी कळ दाबावी लागते. एकाचा हात कळीवर नसेल, तर गाडी जागची हलत नाही. तो दुसरा कर्मचारी आळशी नसतो. शेवटच्या ओळीतील लहान मुलाचा अडसर तो पुन्हा एकदा ओढून पाहत असतो.

उंचीच्या पट्टीवरूनही रांगेत नेहमी वाद होतात. 'दोन बोटेच तर कमी आहे, जाऊ द्या की,' असे वडीलमाणसेच म्हणतात. परंतु अडसर एका ठरावीक उंचीच्या शरीरासाठी घडवलेला असतो. त्याहून लहान मूल त्याच्या खालून किंवा कडेने निसटू शकते. वाट पाहून थकलेल्या मुलाला पट्टीपाशी परत फिरवणारा कर्मचारी त्याचा शत्रू नव्हे.

रांग लागण्याच्या कितीतरी आधी, सकाळी, या यंत्राचा दिवस सुरू होतो. तंत्रज्ञ रुळांची पाहणी करतात, बोल्ट, चाके, साखळी, ब्रेक तपासतात, आणि गाडी रिकामी फिरवतात. धातूलाही थकवा येतो. रोज तोच ताण सोसून त्यात केसाएवढी चीर पडते, आणि ती वाढत जाते. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील उद्यानात लंबकासारखा झुलणारा एक पाळणा मोडून पडला. दोघांचा मृत्यू झाला व पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली. तो रोलर कोस्टर नव्हता. पण फिरणाऱ्या, झुलणाऱ्या प्रत्येक यंत्राला हेच लागू आहे. सकाळी दहाला उघडणारा खेळ साडेदहापर्यंत बंद दिसला, तर तो अर्धा तास कोठे खर्च होत आहे, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. पावसाने, विजेच्या कडकडाटाने किंवा जोराच्या वाऱ्याने गाडी थांबवतात, तेही याच हिशेबात.

रांग कमी करता येत नसेल, तर ती निदान सुसह्य करावी, असे उद्यानवाल्यांना वाटू लागले. नागमोडी कठडे घालतात, ते रांग दाटीने मावावी आणि कोणी मध्येच घुसू नये म्हणून. चालत राहणाऱ्या माणसाला वेळ कमी वाटतो, हाही त्यात फायदा. भिंतीवर चित्रे, वर पंखे, पुढे एखादा छोटा देखावा, हे सारे त्याच खटाटोपातले. डिस्नेच्या उद्यानांनी १९९९ साली निराळीच युक्ती काढली: यंत्रातून वेळेची चिठ्ठी घ्या, इतरत्र हिंडा, आणि त्या वेळी या. काही देवस्थानांत दर्शनबारीसाठी वेळेचे टोकन देतात, तशीच ही कल्पना. ती २०२१ पर्यंत चालली आणि पुढे तिच्या जागी पैसे घेऊन पुढे सोडण्याची पद्धत आली. जादा पैसे भरणाऱ्यांची वेगळी रांग आता आपल्याकडील उद्यानांतही दिसते.

यावर माझे मत सांगतो. चिठ्ठीने किंवा जादा पैशांनी गाडीत एकही जागा वाढत नाही. तासाला ३६० जागा होत्या, त्या तेवढ्याच राहतात. त्यांतील १०० जागा वेगळ्या रांगेला दिल्या, तर साध्या रांगेला २६० उरतात, आणि दीड तासाची रांग दोन तासांच्या पलीकडे जाते. एकाने विकत घेतलेला वेळ दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो. चिठ्ठी सर्वांना फुकट व सारखी मिळत होती, तोवर तिच्याबद्दल तक्रार करण्याजोगे फारसे नव्हते. पैशांच्या रांगेचे तसे म्हणता येत नाही. गिरणीत रात्रपाळी करून मुलांना वर्षातून एकदा सहलीला नेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा अर्धा तास लहान नव्हे.

पुढच्या सहलीला ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी एक सोपी रीत देतो. घड्याळ आणि वही पुरे. रांगेत शिरल्यावर फलाटाकडे लक्ष ठेवावे आणि एक गाडी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंतचा वेळ पाच वेळा मोजून त्याची सरासरी काढावी. प्रत्येक गाडीत खरोखर किती माणसे बसली ते मोजावे. जागा किती आहेत हे मोजू नये. मग नागमोडी रांगेच्या एका पदरातील माणसे मोजून त्यांना पदरांच्या संख्येने गुणावे. पुढची माणसे भागिले गाडीतील माणसे, गुणिले सरासरी वेळ, एवढाच हिशेब. आलेले उत्तर आणि दारावरील फलकावर लिहिलेली मिनिटे शेजारीशेजारी मांडून पाहावीत. फलकावरची मिनिटे पुष्कळदा जास्त निघतात, कारण लिहिल्यापेक्षा लवकर नंबर लागलेला माणूस खूश होऊन गाडीत बसतो, हे फलक लिहिणाऱ्याला चांगले ठाऊक असते.